फोडणीतली मिरची



दरवर्षी ३ डिसेंबर आला की आपल्यापैकी कोणी ना कोणी विचारतं, "काका, तुम्ही तेव्हा भोपाळला होतात ना? लिहा की." मी हात जोडल्याचं चित्र टाकतो आणि विषय संपवतो. यंदा लिहितोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

सुरुवात भोपाळपासून नाही, आमच्या अन्नपूर्णेतल्या घरापासूनच करतो. १ जानेवारी २०२५ ची रात्र. युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्यात इतकी वर्षं पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा बारा कंटेनरांत भरून भोपाळहून पीथमपूरला निघाला होता, जाळण्यासाठी. टीव्हीवर सारखं तेच चालू. पुढेमागे पोलिसांच्या गाड्या, मधे कंटेनरची रांग. पीथमपूर म्हणजे आपल्यापासून पंचवीस-तीस किलोमीटर.

ही साडेदहाला झोपली. पहाटे पाणी प्यायला उठली तर मी हॉलमध्ये खुर्चीवर बसलेला. समोर बादली, बादलीत चार टॉवेल भिजत घातलेले. पायात बूट. खिडक्यांच्या फटींत 'नईदुनिया'ची पानं कोंबलेली.

"अहो, काय हे?"

"काही नाही. झोप येत नव्हती."

ती काही बोलली नाही. माझ्या हातातली स्कूटरची किल्ली काढून घेतली आणि चहा टाकला. ती स्कूटर विकून वीस वर्षं झालीत, किल्ली कुठल्या ड्रॉवरमधून मी शोधून काढली कोण जाणे. घरात आम्ही दोघंच असतो, मग टॉवेल चार का, हे तिने तेव्हा विचारलं नाही. पण तिने मोजले होते.

आता भोपाळ. १९८३ साली माझी बदली तिथे झाली. मी बत्तीस वर्षांचा, बी.कॉम., नुकताच ऑफिसर झालेला. हमीदिया रोडच्या मागे, स्टेशनच्या बाजूला वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. खाली एक म्हाताऱ्या बाई एकट्याच राहायच्या, नवरा रेल्वेत होता, तो गेलेला. सगळी गल्ली त्यांना अम्मा म्हणायची. आमची लेक तीन वर्षांची, तिचा दिवस खालीच जायचा. अम्मा तिला रोटीवर गूळ-तूप लावून द्यायच्या आणि ही वरून ओरडायची की जेवणार नाही ती आता.

२ डिसेंबर १९८४, रविवार. रात्री एकच्या सुमारास खोकल्याने जाग आली. वाटलं कोणीतरी पोतंभर लाल मिरच्या जाळल्यात. डोळ्यांत, घशात, छातीत आग. खाली गल्लीत पळापळ, "भागो, गैस निकली है." टाकीतून मिथाइल आयसोसायनेट गळालं, चाळीसेक टन, हे सगळं पुढे वाचलं. तोंडावर ओला कपडा धरला असता तर बराच बचाव झाला असता, हेही नंतरच कळलं. त्या रात्री सांगणारं कोणी नव्हतं.

लेकीला शालीत गुंडाळलं, हिला मागे बसवलं, स्कूटर काढली. अम्मा त्यांच्या दारात चौकट धरून खोकत उभ्या होत्या. म्हणाल्या, "भैया, हमें भी."

स्कूटरवर जागा नव्हती, असं मी चाळीस वर्षं स्वतःला सांगितलं. जागा झाली असती. अम्मा म्हणजे मूठभर हाडं, आणि त्या काळी एका स्कूटरवर पाच-पाच माणसं जायची. मी म्हणालो, "अम्मा, इन्हें छोड़कर अभी आया."

भारत टॉकीज, जहांगीराबाद, तिथून टी.टी. नगर. एका सहकाऱ्याच्या क्वार्टरवर पोचलो तेव्हा लेक उलट्या करत होती आणि माझे डोळे उघडत नव्हते. मी परत गेलो नाही. जाऊच शकला नसता, असं आता डॉक्टर म्हणतात. असेलही. दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. वाटेत जे दिसलं ते इथे लिहीत नाही, आपल्यात लहान मुलंही वाचतात. अम्मांचं दार उघडं होतं आणि आत कोणी नव्हतं. तीन दिवसांनी हमीदिया हॉस्पिटलच्या आवारात त्या हिला सापडल्या. वाचल्या होत्या. दृष्टी मात्र गेल्यात जमा, आणि छातीचा भाता झालेला.

आता मला जे सांगायचंय ते इथून पुढचं आहे.

१६ डिसेंबरला टाकीत उरलेला वायू संपवण्यासाठी कारखाना पुन्हा चालवायचं ठरलं. त्याला सरकारने नाव दिलं 'ऑपरेशन फेथ'. लोकांनी त्या फेथला उत्तर म्हणून गाव रिकामं केलं. ही आणि लेक इंदूरला आल्या, रामबागेत माझ्या आईकडे. मी भोपाळलाच राहिलो. बँक चालू होती, मदतीचे चेक यायचे, लोकांची खाती उघडायची होती. मी सकाळी नऊला जायचो, रात्री नऊला यायचो. रविवारीही जायचो. कोणी त्या रात्रीचं बोलायला लागलं की मी फाईल उघडायचो. साहेबांनी माझ्या रिपोर्टमध्ये चांगला शेरा मारला. वडील इंदूरला चारचौघांत सांगायचे, "आमचा मुलगा खंबीर. एक शब्द काढत नाही."

हिचं उलट. रामबागेत येईल त्याला ती पहिल्यापासून सगळं सांगायची आणि सांगताना रडायची. रात्री किंचाळून उठायची. आई वैतागायची, "अगं विसर आता, मुलगी धडधाकट आहे ना?" फेब्रुवारीत ती भोपाळला परत आली आणि दुसऱ्याच दिवशी खाली अम्मांकडे जाऊन बसली. तिने त्यांना सांगितलं की आम्ही तुम्हाला टाकून गेलो. मला हे कळलं तेव्हा मी तिच्यावर ओरडलो. झालं गेलं उकरून काय मिळतं? मग ती अम्मांना घेऊन दवाखान्यात जायला लागली, डोळ्यांच्या थेंबांसाठी. तिथे एका तरुण डॉक्टराने अम्मांबरोबर हिलाही विचारलं, "नींद आती है?" हिने खरं ते सांगितलं. तिला गोळ्या सुरू झाल्या, आणि दर आठवड्याला थोडं बोलणं. माझ्या बायकोला डोक्याच्या गोळ्या चालू आहेत ही गोष्ट मी ऑफिसमध्ये लपवली.

त्या वेळी हे असं विचारणंसुद्धा नवीन होतं. आघातानंतरच्या या विकाराला अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी अधिकृत नाव दिलं ते १९८० मध्ये, म्हणजे भोपाळच्या फक्त चार वर्षं आधी. गॅस झाल्यावर दोन-तीन महिन्यांत लखनौहून डॉ. सेठींची तुकडी आली, बंगलोरच्या निम्हान्सचे डॉ. श्रीनिवास मूर्ती आले, तिथल्या साध्या डॉक्टरांना मनाचे आजार ओळखायला शिकवलं. खोकला आणि डोळ्यांसाठी दवाखान्यात आलेल्या ८५५ लोकांना लखनौच्या डॉक्टरांनी तपासलं, तर शंभरात साडेबावीस जणांना मनाचा आजार निघाला, त्यातही बायका फार. मी हे आकडे आत्ता आत्ता वाचले. वाचताना वाटलं की दवाखान्यात आले त्यांनाच मोजता आलं. बँकेत बसलेल्यांना कोण मोजणार?

वर्षभरात ही सावरली. पूर्ण नाही, पण रात्री झोपायला लागली. मी तर 'ठीक'च होतो.

माझं ठीक असणं कसं होतं ते सांगतो. आमच्या घरात चाळीस वर्षं फोडणीत लाल मिरची पडलेली नाही. वरणाला हिंग-जिरं, बस. पाहुण्यांना सांगायचं, ह्यांना अ‍ॅसिडिटी आहे. लग्नात भटारखान्याकडून वारं आलं की मी चपला शोधायला लागायचो. नागपूरला मावशीकडे रेल्वेने जायचं तर भोपाळ लागतं, म्हणून आम्ही हरदा-बैतूलवरून बसने जायचो. लोक हसायचे, रात्रभर कंबर मोडून घेतो पण बसच पाहिजे ह्याला. निजायच्या खोलीचं दार मी कधी पूर्ण लावू दिलं नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात जावयाने हौसेने 'द रेल्वे मेन' लावलं, तर मी पाचव्या मिनिटाला अन्नपूर्णेच्या देवळात निघून गेलो आणि दारातल्या हत्तींपाशी दोन तास बसलो. यातल्या एकाही गोष्टीचा मी कधी भोपाळशी संबंध जोडला नाही. सवयी आहेत, माणसाला असतात.

बँकेतल्यांना कळेल असं सांगायचं तर, ज्या नोंदीचा खुलासा होत नाही ती आपण सस्पेन्स खात्यात टाकतो. त्या दिवशीचा ताळा जुळतो, आपण घरी जातो. काही गैर नाही त्यात. डिसेंबर ८४ मध्ये मीही तेच केलं आणि त्यामुळेच शंभर माणसांची कामं करू शकलो. पण सस्पेन्सची नोंद वेळेत उलटवायची असते.

मी ती उलटवली नाही त्याचा त्रास फक्त मला झाला असता तर हे लिहिलंच नसतं.

१९८७ ला माझी उज्जैनला बदली झाली आणि १९९० ला पुन्हा भोपाळला, त्याच भागातल्या शाखेत. तोवर १९८९ चा ४७ कोटी डॉलरचा समझोता होऊन गेला होता आणि सरकारने गॅसग्रस्त ३६ वॉर्डांतल्या माणसांना दरमहा २०० रुपये अंतरिम मदत सुरू केली होती. खात्यात जमा व्हायची. (पुढे अंतिम भरपाईतून तेच पैसे कापून घेतले, तो हिशेब वेगळाच.) शाखेत रांगा लागायच्या. एका महिन्यात रांगेत अम्मा दिसल्या. कोणाच्या तरी पोराचा हात धरून उभ्या, डोळ्यांवर काळा चष्मा.

मी उठून रेकॉर्ड रूममध्ये गेलो. वाउचरची बंडलं चाळत अर्धा तास बसलो. पुढच्या महिन्यात आधीच चहाला बाहेर पडलो. नंतर तर मी कॅलेंडरवर बघून ठेवायचो. दोन वर्षं, दर महिन्याला.

पुढे क्लेम कोर्टं सुरू झाली आणि तिथे प्रत्येक कागदावरचं नाव जुळावं लागायचं. अम्मांच्या रेशनकार्डावर नवऱ्याचं नाव एक होतं, पासबुकात दुसरंच. आमच्या काउंटरवरच्या पोराने खातं उघडताना ऐकू आलं तसं लिहून टाकलेलं. दुरुस्तीचा एक अर्ज, एक अ‍ॅफिडेव्हिट, माझी एक सही. दहा मिनिटांचं काम. अम्मा त्यासाठी पाच-सहा वेळा शाखेत आल्या. दरवेळी कोणीतरी सांगायचं, साहब अंदर हैं, साहब मीटिंग में हैं. त्यांचा क्लेम त्या पायी दीड-दोन वर्षं मागे पडला.

हे मला कधी कळलं? मागच्या जानेवारीत, टॉवेलच्या दुसऱ्या दिवशी. हिने सांगितलं. ती अम्मांकडे शेवटपर्यंत जात होती, १९९७ मध्ये त्या गेल्या तोवर. मला हे सांगायचा तिने तेव्हा दोनदा प्रयत्न केला होता म्हणे, आणि दोन्ही वेळा मी जेवता जेवता ताटावरून उठलो होतो. मला ते आठवतही नाही.

आमची नात मानसशास्त्रात एम.ए. करते. टॉवेलचं प्रकरण तिच्या आजीने तिला सांगितलं आणि तिने माझी शिकवणी घेतली. तिच्याकडून जे समजलं ते माझ्या भाषेत लिहितो. लॅझरस आणि फोकमन या दोन अमेरिकन संशोधकांचं एक पुस्तक आहे. ते निघालं १९८४ मध्येच, काय योग पाहा. ते म्हणतात, संकटाला माणूस दोन तऱ्हांनी तोंड देतो. एक, प्रश्नाला हात घालतो. दुसरी, प्रश्नामुळे मनात जे उठतं त्याला सांभाळतो. एकच रीत सगळीकडे चालत नाही. जिथे प्रश्न सुटण्यासारखा आहे तिथे पहिली, जिथे नाही तिथे दुसरी. मनातलं सांभाळण्याच्याही अनेक तऱ्हा, कोणी रडतं, कोणी देवाला साकडं घालतं, कोणी पाठ फिरवतं. आणि आघात झालेल्यांच्या पाहण्यांमध्ये पुन्हा पुन्हा दिसतं की कायमची पाठ फिरवणाऱ्यांना हा त्रास जास्त.

मी कॉमर्सचा माणूस, लगेच ऑब्जेक्शन काढलं. त्रास जास्त आहे म्हणून माणूस टाळतो, की टाळतो म्हणून त्रास जास्त? नात म्हणाली, आबा, बरोबर पकडलंत, टाळणं हे या आजाराचं एक लक्षणच आहे, त्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे वेगळं करणं अवघड जातं. मग तिने एक उदाहरण दिलं. १९८९ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला. स्टॅनफर्डच्या काही विद्यार्थ्यांचे स्वभाव योगायोगाने त्याच्या दोन आठवडे आधीच एका अभ्यासासाठी नोंदवलेले होते. भूकंपानंतर पुन्हा बघितलं, तर जे आधीपासूनच एकच गोष्ट मनात घोळवत बसणारे होते, ते सात आठवड्यांनीही जास्त खचलेले निघाले.

हे ऐकून मला आमच्या शाखेतला एक कॅशियर आठवला. त्याचा धाकटा भाऊ त्या रात्री गेला. हा माझ्यासारखा गप्प नव्हता, दिवसभर बोलायचा. पण त्याचं बोलणं एकच: त्याला त्या दिवशी बैरागढला पाठवलं असतं तर, मी दार आधी उघडलं असतं तर. नोटा मोजता मोजता 'तर' चालू. आम्ही म्हणायचो, बोलतोय ना, मोकळा होईल. तो मोकळा झाला नाही. दारू लागली आणि नोकरी गेली. तेव्हा नुसतं बोललं की बरं वाटतं, हेही काही खरं नाही. ही जेव्हा अम्मांसमोर बोलली तेव्हा ती पुढे काहीतरी करत होती, त्यांना दवाखान्यात नेत होती, पासबुक वाचून दाखवत होती. कॅशियर त्या एकाच दारापाशी उभा होता. मी तर त्या गल्लीतच शिरत नव्हतो.

आणि एक कबुली. २०२३ च्या रामनवमीला बेलेश्वर महादेव मंदिरातली बावडी खचली, ३६ माणसं गेली. आठवड्याभराने आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत एक गृहस्थ आले, त्यांच्या नात्यातलं माणूस त्यात गेलं होतं. ते काही सांगायला लागले तर मी त्यांना मधेच तोडलं. म्हटलं, "कामात मन घाला, विसराल. मी भोपाळ पाहिलंय." सगळ्यांनी माना डोलावल्या. ते गप्प बसले, पुढे बैठकीला यायचे बंद झाले. आता कळतं की पहिल्या दिवसांत कोणाला बळेच बोलतं करू नये, तसा एका बैठकीत सगळं सांगायला लावण्याचा उपाय उपयोगी पडत नाही असंच पुढे दिसून आलं. जागतिक आरोग्य संघटनाही एवढंच सांगते की जवळ राहा, खायला-प्यायला बघा, नातेवाइकांशी गाठ घालून द्या, बोलले तर ऐका. ते बोलत होते. मला फक्त ऐकायचं होतं.

मग मी डॉक्टरांकडे गेलो. इथेच, इंदुरात. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मानसोपचारतज्ज्ञाच्या बाकावर बसताना ओळखीचं कोणी नाही ना हे आधी बघून घेतलं, खोटं कशाला बोलू. त्यांनी मला ती रात्र सांगायला लावली, वर्तमानकाळात, डोळे मिटून. पहिल्या वेळी मी स्कूटरपर्यंत पोचलो आणि उठून गेलो. तिसऱ्या का चौथ्या वेळी अम्मांच्या दारापर्यंत. घरी करायला धडाही दिला: फोडणी. सुरुवातीला नुसती सुकी मिरची हातात धरायची. मग ही कढईत टाकणार आणि मी अंगणात. मग हॉलमध्ये. मग स्वयंपाकघराच्या दारात. ठसका लागला तरी पळायचं नाही, उतरेपर्यंत थांबायचं. ही म्हणाली, "चाळीस वर्षांनी माझ्या वरणाला चव आली." मी घामाने भिजलो होतो.

ऑक्टोबरात आम्ही रेल्वेने भोपाळला गेलो, दोघंच. प्लॅटफॉर्म एकवर त्या रात्री ड्युटीवर असताना गेलेल्या रेल्वेवाल्यांचं स्मारक आहे, तिथे थोडं थांबलो. मग हमीदिया रोडच्या मागची गल्ली. आमचं घर पाडलेलं, तिथे खाली मोबाईलचं दुकान आणि वर कोचिंग क्लास. अम्मांचं दार जिथे होतं तिथे आता शटर आहे. मी तिथे उभा राहिलो. दुकानातला पोरगा बाहेर येऊन म्हणाला, "अंकल, कुछ चाहिए?" हिने त्याच्याकडून उगाच एक चार्जर घेतला.

येताना गाडीत मी तिला विचारलं, "अम्मा माझ्याबद्दल काय म्हणायच्या?"

ती बराच वेळ बाहेर बघत होती. सीहोर गेल्यावर म्हणाली, "एकदाच म्हणाल्या होत्या. स्कूटर की आवाज़ जाते हुए सुनी थी, फिर बहुत देर तक आने की सुनती रही."

मग तिने डबा उघडला. पोळ्या, बटाट्याची भाजी आणि मिरचीचा ठेचा.